जहाज दोनची पाहणी

दार उघडायच्या आधी चाचा खोकायचे. घराचं दार नव्हे, टीव्हीच्या पडद्यावरचं. हातात गेमचा रिमोट, नाकावर घसरलेला चष्मा, समोर ओसाड जहाजातला गंजका लोखंडी दरवाजा. चाचा घसा खाकरून म्हणायचे, "येऊन राह्यलो बाप्पा. बाजूले व्हा." मग बटण दाबायचे.

पडद्यामागच्या भुतांना हे ऐकू जात नाही, असं त्यांना समजावणारे पुष्कळ होऊन गेले. पोरं समजावायची, मीही समजावलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "नसंल जात. आपलं सांगून ठेवाचं."

ही सवय त्यांना जंगलानं लावली होती. जन्मभर त्यांनी बांबूचा ट्रक चालवला. आलापल्ली, एटापल्लीकडून बांबू भरायचा आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणून टाकायचा. त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर गाडीतून उतरून झाडीत शिरताना खोकतात, दोन टाळ्या मारतात. अस्वल असो की आणखी कोणी, त्याला आधी कळलं की ते निघून जातं. अचानक समोर आलं, तर तेही घाबरतं आणि आपणही. चाचा वाघाचं नाव घेत नसत. 'साहेब' म्हणत. जहाजातल्या भुतांनाही त्यांनी साहेबच करून टाकलं. काही दिवसांत माझ्या दुकानातली सगळी पोरं ओरडायला लागली, "चाचा, डाव्या हाताले साहेब हाय!"

आता दुकानाचं सांगतो. मी स्टेशनाबाहेर भंगार वेचून मोठा झालेला माणूस आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही, आणि आणलं असं कोणी म्हटलं तर मी भांडतो. भंगारात आलेले बंद टीव्ही दुरुस्त करता करता मला व्हिडिओ गेमचा धंदा सुचला. मच्छी विकून पैसा जोडलेल्या एका बाईची पत्र्याची खोली मी भाड्यानं घेतली. बाई माझ्याइतकीच पक्की. भाडं ठरवताना आम्ही दोघं इतके भांडलो की रस्त्यावरचे लोक सोडवायला आले. सोडवायचं काही नव्हतं, आम्ही दोघंही खूश होतो.

सीडीवर चालणारी गेमची यंत्रं बल्लारपुरात नवीन होती. माझ्याकडे कारच्या शर्यती होत्या, फुटबॉल होता, कुस्ती होती. पण दुकान चाललं ते एका गेमवर. समुद्रात भरकटलेलं एक रिकामं जहाज, त्यात एकटा माणूस, हातात मोजक्या गोळ्यांचं पिस्तूल, आणि बंद दारांच्या मागे ते. पडद्यावरची भाषा कोणती होती, हे मला आजही ठाऊक नाही. सीडी नकली होती आणि डबीवरचं चित्र भलत्याच गेमचं होतं. आम्ही त्याला 'जहाज' म्हणायचो. आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. चाचा तर त्याला डोंगा म्हणायचे, वैनगंगेवर चालतो तसला. "केवढा मोठा डोंगा बनवला बे, अन् नावाडी एक नाई."

पण चाचा तिथे खेळायला आलेच नव्हते. त्यांना पाठवलं होतं.

झालं असं, की पोरं झोपेत दचकायला लागली. चार आया मिळून मालकीणबाईकडे गेल्या. हा माणूस आमच्या लेकरांना भुतं दाखवतो, याला काढा. बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला. ती म्हणाली, "माह्यावर कायले ओरडून राह्यला? मले काय समजते त्याच्यातलं? चाचा येऊन पाहतीन. ते चांगलं म्हनले तर राह्य. वाईट म्हनले तर खोली खाली कर."

चाचांचा शब्द वस्तीत सगळे मानत. का मानत, तर ते कोणाच्या बाजूनं बोलत नसत. सख्ख्या भावाच्या भांडणात त्यांनी भावाच्या विरुद्ध सांगितलं होतं. अशा माणसाशी सौदा कसा करायचा, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

ते दुपारी आले. खुर्चीच्या टोकावर बसले. एका पोरानं जहाज लावलं, धावत जाऊन दार उघडलं आणि लगेच मेला. चाचा म्हणाले, "हा असा काऊन धावला?"

"चाचा, गेम हाय."

"गेम हाय म्हणून का भ्याचं नाई? दे इकडं." त्यांनी रिमोट घेतला, उलटा धरला, मग सरळ केला. "पहिलं भ्या, मंग चाला."

हे त्यांचं वाक्य. पहिलं भ्या, मंग चाला. पुढे दुकानात ते इतक्यांदा ऐकलं की मी ते भिंतीवर रंगवून घ्यायच्या बेतात होतो. रंगवणाऱ्याचा भाव पटला नाही, म्हणून राहिलं.

तुम्ही घाबरट माणसं पाहिली असतील आणि शूरही पाहिली असतील. भीती वाटते हे मोकळेपणानं सांगणारा आणि तरी पुढं जाणारा माणूस किती वेळा भेटतो? चाचा तसे होते. दाराशी ते थांबायचे, कान द्यायचे, खोकायचे. गोळी वाचवायचे. जिथे पोरं चार गोळ्या झाडत, तिथे ते वळसा घालून जायचे. "साहेबाले त्याचा रस्ता, आपल्याले आपला." जहाजात ठिकठिकाणी पितळी घंटा होत्या. घंटा वाजवली की तिथपर्यंतचा खेळ यंत्रात जपला जायचा. घंटा दिसली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जसा घाट उतरल्यावर चहाचं हॉटेल दिसलं की ड्रायव्हरचा खुलतो.

मालकीणबाई अधूनमधून विचारायची, "चाचा, काय ठरलं?"

"अजून शेवट नाई पाह्यला, बाई. अर्धं पाहून कसं सांगू?"

आणि बाईला ते पटायचं. तोपर्यंत माझं दुकान चालू. मी त्यांना चहा द्यायचो आणि मनात म्हणायचो, सावकाश चला चाचा, आणखी सावकाश.

पावसाळा गेला, हिवाळा आला, तेव्हा कुठे त्यांचा माणूस जहाजातून बाहेर पडला. दुकानात टाळ्या पडल्या. चाचांनी चष्मा पुसला आणि तसेच उठून बाईकडे गेले. मी मागे मागे. ते म्हणाले, "बाई, चांगलं हाय. भेव शिकवते. आजकालच्या पोराइले भेवच नाई राह्यलं, गाड्या पाहा कशा चालवतेत. राहू द्या याले."

बाईनं आयांना तसं सांगितलं. आया गप्प झाल्या. मी जिंकलो होतो. इथेच थांबलो असतो तर मी मी नसतो.

नागपूरच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी सीड्या आणायचो, त्यानं सांगितलं की जहाजाचा दुसरा भाग आला आहे. विदर्भात अजून कोणाकडे नाही, असंही म्हणाला. हे तो प्रत्येकालाच सांगत असणार. मी त्याच्या दुकानात अर्धा दिवस बसलो. दोनदा उठून निघून गेलो आणि दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी माझ्या भावात घेतला. परतताना रेल्वेत ती सीडी मी शर्टाच्या आत, अंगाला लावून आणली.

बल्लारपुरात मी रिक्षावर भोंगा फिरवला. 'जहाज दोन' येत आहे. रविवारी दुकानाबाहेर रांग लागली. पहिला मान चाचांचा, हे मीच ठरवलं होतं. त्यांच्या तोंडून दोन चांगले शब्द निघतील आणि महिनाभर मला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

दुसऱ्या भागात जहाज किनाऱ्याला लागलं होतं. समोर एक शहर. रुंद रस्ते, दिवे, आणि हातात पहिल्यापासून मोठी बंदूक. साहेब एकेकटे नव्हते, झुंडीनं येत होते. चाचा पहिल्या दाराशी खोकले. दाराआड कोणी नव्हतं. पुढे दारं उघडीच होती. त्यांनी बंदूक चालवली. चालवत राहिले, गोळ्या संपेचनात.

मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि भर दुकानात, सगळ्यांसमोर बोलले, "याच्यात भेव नाई, शेठ. पहिला चांगला होता."

झालं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर पोचलं. पुढच्या रविवारी पोरं आली, पण जुनं जहाज मागायला लागली. 'दोनमध्ये भेव नाई, चाचा म्हनले.' मी चाचांवर ओरडलो. म्हटलं, "तुमचं काय जाते? एक शब्द गोड बोलले असते तर?"

ते शांतपणे म्हणाले, "गोड बोलाले मी का तुह्या दुकानाचा भोंगा हाय?"

माझी त्यांच्यावरची ही तक्रार आजही कायम आहे. मी ती सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. ज्यानं अर्धा दिवस घासाघीस करून वस्तू आणली असेल, त्यालाच माझं दुःख कळेल.

पण खरी अडचण पुढे होती. जी थोडी पोरं नवा भाग खेळायची, ती गल्लीत काड्यांच्या बंदुका घेऊन एकमेकांवर धावायला लागली. एकाचा डोळा थोडक्यात वाचला. आया पुन्हा बाईकडे. बाई पुन्हा माझ्या दारात. "हा दुसराही चाचांनी पुरा पाहा लागंल. मंग ठरवू. आन् या वेळी मी दुसरा भाडेकरूही पाहून ठेवला हाय." ती खोटं बोलत नव्हती. मोबाईलवाल्यांना तेव्हा जागा हव्याच होत्या. माझा सगळा पैसा यंत्रांत अडकलेला. खोली गेली असती, तर मी पुन्हा स्टेशनाबाहेर भंगारात.

मी चाचांना बाजूला घेतलं. "चाचा, फक्त चांगलं हाय म्हणा. जन्मभर फुकट खेळा."

"आताही मी फुकटच खेळून राह्यलो."

"मंग काय पाह्यजे ते सांगा."

"खोटं नाई बोलत, शेठ. पाहतो. पाहून जे दिसंल ते सांगतो."

आणि ते पाहायला बसले. तोंड वाकडं करून, नाइलाजानं, सासुरवाडीला जेवायला बसल्यासारखे. पोरं सांगत, चाचा, बंदूक बदला, ही भारी हाय. ते म्हणायचे, "तूच ठेव." मला त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या खोलीचं कुलूप दिसायला लागलं होतं.

मग त्या शहराच्या एका तळघरात त्यांना कंदीलवाली भेटली.

ती मुकी होती. हातात कंदील घेऊन खेळणाऱ्याच्या मागे चालायची. तिच्या कंदिलाशिवाय पुढच्या बोगद्यांत काही दिसत नसे. पोरांना तिचा राग यायचा, कारण ती हळू चालायची आणि पोरं पुढे पळून गेली की ती मागे अंधारात उभी राहायची. चाचा मात्र खुर्चीत सरसावून बसले. प्रत्येक वळणावर थांबायचे आणि मागे वळून बघायचे. "ये बाई. सावकाश ये. घाई नाई." ट्रक चालवताना आरशात बघतात तसं. दाराशी ते पुन्हा खोकायला लागले.

"आता भेव वाटते का, चाचा?" मी आशेनं विचारलं.

"वाटते. पन आता माह्यासाठी नाई वाटत."

बंदुका त्यांना शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. ते रोज सांगायचे, ज्यानं हा बनवला त्यानं शहर उगाच टाकलं, डोंग्यातच ठेवायला पाहिजे होतं. पण कंदीलवालीसाठी ते रोज यायचे. असं अर्धं आवडणं आणि अर्धं न आवडणं माझ्या धंद्याला परवडणारं नव्हतं. मला हो किंवा नाही हवं होतं, आणि त्यातलंही हो.

शेवटच्या दाराशी ते पोचले ती दुपार मला आठवते. दाराबाहेर घंटा होती. त्यांनी ती वाजवली. कंदीलवाली मागे येऊन थांबली. दुकान भरलेलं. चाचा खोकले, आणि बटण दाबणार एवढ्यात मागून एक पोरगा बोलून गेला, "चाचा, ती मरते याच्यानंतर. दाराच्या आत पाणी भरते. आपण वर चढतो, ती खालीच राह्यते."

"वाचवता नाई येत?"

"नाई. मी लय वेळा करून पाह्यलं. कसंही केलं तरी मरतेच."

चाचांनी रिमोट खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले.

पोरं हसली. मला राग आला. शेवट दोन पावलांवर, निकाल दोन पावलांवर, आणि हा माणूस उठून गेला. मी रागानंच त्यांच्या मागे गेलो. ते पानठेल्याच्या बाकावर बसले होते. म्हटलं, "चाचा, चित्र हाय ते. एकदा दार उघडा, पाहा, आन् बाईले काय ते सांगून टाका. माह्या जिवाले घोर लावू नका."

 मग त्यांनी सांगितलं.

बांबू आणायच्या त्या रस्त्यावर नाल्यांवर रपटे, म्हणजे बिनकठड्याचे बुटके पूल, असतात. पावसात त्यांच्यावरून पाणी वाहतं आणि रपट्याची कड दिसेनाशी होते. मग क्लीनर हातात काठी घेऊन पाण्यातून पुढे चालतो, काठीनं कड शोधतो, आणि त्याच्या मागोमाग ड्रायव्हर गाडी घालतो. सगळे असंच करतात. त्यांचा क्लीनर एटापल्लीकडचा गोंड जवान होता, कितीतरी वर्षं त्यांच्याच गाडीवर. झाडीत शिरताना खोकायचं त्यानंच त्यांना शिकवलेलं. एका संध्याकाळी पाऊस होता. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, थांबू चाचा, मले भेव वाटून राह्यलं.

"मी हासलो त्याले," चाचा म्हणाले. "म्हनलं, पाणी कमीच हाय, चाल. तो बॅटरी घेऊन उतरला. रपट्याच्या मधात बॅटरी दिसली. मंग नाई दिसली."

पानठेल्यावरचा रेडिओ चालू होता. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"त्या टायमाले मले मालूम नव्हतं का होणार हाय. आता मालूम हाय. मालूम असून दार कसं उघडू, सांग."

मी भांडखोर माणूस आहे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्या दिवशी मात्र मी दोन चहा सांगितले आणि त्यांच्या शेजारी बसलो. मनातल्या मनात खोली सोडायची तयारीही केली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आली. चाचा खुर्चीत होते. पडद्यावर तो माणूस आणि त्याच्यामागे कंदीलवाली, दोघं दाराबाहेर उभे. बाई म्हणाली, "झालं का चाचा पाहून? चांगलं हाय का वाईट?"

 चाचा म्हणाले, "बंदुका लय हायेत, ते वाईट. मांगच्याले सोडून जाता येत नाई, ते चांगलं. पन शेवट नाई पाह्यला, बाई. शेवट पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

"कधी पाहसान?"

"पाहू ना. घाई का हाय?"

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, "पाहणी होईस्तोवर राहू दे. पन बंदुकवाल्या पोराइले एकट्यानं बसवाचं नाई. दोघं दोघं बसव. एक खेळन, एक संग राह्यन." चाचांनी मान हलवली. दोघांत एकाचंच भाडं मिळणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. पण मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात घासाघीस न करता मान्य केलेली ती एकच अट असेल.

त्यानंतर चाचा रोज दुपारी यायचे. दुसरा भाग लावायचे. दोघं दाराबाहेर उभे दिसले की मागे वळून कंदीलवाली जागेवर आहे का ते बघायचे, घंटा वाजवायचे आणि यंत्र बंद करायचे. "हाय. सुखरूप हाय." मग पहिलं जहाज लावून मनासारखं घाबरत बसायचे. बाई भाडं घ्यायला आली की विचारायची, "झाली का पाहणी?" ते म्हणायचे, "चालू हाय." हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. तेवढ्या काळात मी यंत्रं वाढवली, घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. अटीमुळे पोरं जोडीनं येऊ लागली, भावांबरोबर बहिणीही यायला लागल्या, आणि ज्या आया माझ्या नावानं बोटं मोडायच्या, त्याच पोरांना डबा देऊन पाठवू लागल्या.

त्यांनी तो शेवट माझ्यासाठी टाळला की कंदीलवालीसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्यासाठी नसेलच, असं माझं मन म्हणतं. कोणाच्या बाजूनं न बोलणारा माणूस तो. पण ज्यानं मला तारलं, त्याचा हेतू तपासत बसण्याइतका मी कृतघ्न नाही. पहिला भाग चांगला होता हे मात्र त्यांनी तेव्हा सांगायला नको होतं.

चाचा गेले ते उन्हाळ्यात, झोपेतच. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई दुकानात आली. भाड्याचा दिवस नव्हता. मी दुकान उघडून नुसता बसलो होतो. ती म्हणाली, "ते दाखव ना, चाचा पाहत होते ते."

मी दुसरा भाग लावला. बंद दार. दाराबाहेर तो माणूस, त्याच्यामागे कंदील घेतलेली ती. कंदिलाची ज्योत तेवढी हलत होती. बाई पदरानं हात पुसत उभी राहिली. रपट्याची गोष्ट तिला ठाऊक होती की नाही, मला माहीत नाही. तिच्या माहेरची माणसं त्याच नदीनाल्यांतली.

"याच्यापुढं का हाय?" तिनं विचारलं.

"पाहाचं हाय अजून," मी म्हणालो.

"मंग राहू दे," ती म्हणाली. "पाहणी चालू हाय म्हणून सांगतो मी बायाइले."

ती गेली. मी रिमोट घेऊन चाचांच्या खुर्चीत बसलो. मागे वळून पाहिलं. होती. घंटा वाजवली. मग यंत्राच्या बटणाकडे हात नेला आणि थांबलो. घसा खाकरला, त्या दोघांना कळेल एवढ्या आवाजात, आणि मगच बंद केलं.